टोपी खोटं बोलत नाही

दसऱ्याला आमच्या अपघात विभागात यंत्रांना हळदकुंकू वाहायची पद्धत आहे. ईसीजीला, ऑक्सिजनच्या नळाला, आणि दोन हजार पस्तीस सालापासून टोपीला. टोपीला झेंडूची माळ घालायचा मान माझा असायचा, मीच तो मागून घेतला होता. आता ते आठवलं की हाताला घाण लागल्यासारखं होतं.

मी शालन घस्ते. इचलकरंजीत एकाच हॉस्पिटलात एकतीस वर्षं सिस्टर म्हणून राबले. त्यातली सव्वीस प्रसूती विभागात गेली. बाळंतिणींना घरी पाठवताना नाळेला काही लावू नका, मध चाटवू नका, डोळ्यांत काजळ घालू नका, असल्या सूचना देऊन देऊन जीभ झिजली. पुढची पाच अपघात विभागात. तिथं मी गेले आणि महिन्याभरात टोपी आली.

लहान पोरं पडतात. खाटेवरून पडतात, पाळण्यातून पडतात, वॉकरसकट उंबऱ्यावरून पडतात, आणि मोठ्या भावंडाच्या कडेवरून तर हमखास पडतात. आमच्याकडं दिवसाला चार-पाच यायची. त्यातली बहुतेक टेंगूळ घेऊन येतात आणि टेंगूळ घेऊनच घरी जातात. खरी भीती असते ती एखाद्याचीच, ज्याच्या कवटीच्या आत रक्त साकळतंय. बाहेरून दोघं सारखीच रडतात. पूर्वी ओळखायचं कसं, तर सीटी स्कॅन काढायचा, म्हणजे एवढ्याशा मेंदूवर किरणांचा मारा. नाहीतर पोराला आईच्या मांडीवर चार तास बसवायचं आणि बघत राहायचं. ओकतंय का, सुस्तावतंय का, डोक्याच्या बाजूला पिलपिलीत सूज आहे का. पोर दूध प्यायलं, माझ्या ओळखपत्राची दोरी तोंडात घालून चावली, की डॉक्टर म्हणायचे, जा घरी.

टोपीनं हे चार तास दीड मिनिटावर आणले. मऊ रबरी टोपी, आतून हरभऱ्याएवढे चौसष्ट दिवे. त्यांचा उजेड आपल्या डोळ्याला दिसत नाही, तो लाल रंगाच्या पलीकडचा. बाळाची कवटी पातळ असते, त्यामुळं तो उजेड आत शिरतो आणि थोडा परत येतो. रक्त हा उजेड पिऊन टाकतं. जिथून उजेड कमी परत आला, तिथं रक्त साकळलंय. एवढं साधं गणित. किरणं नाहीत, सुई नाही, पोराला झोपवायची गरज नाही. पहिल्याच वर्षी तिनं दोन पोरं वाचवली, जी मी हसत घरी पाठवली असती. हे मी नाकारणार नाही. म्हणून तर माळ घालत होते.

मग दुसऱ्या वर्षी टोपीत नवी अक्कल भरली.

टेंगूळ कसं आधी लाल, मग निळं, मग हिरवट-पिवळं होतं, तसंच आतल्या रक्ताचंही होतं. जुनं झालं की ते उजेड वेगळ्या तऱ्हेनं पितं. त्यामुळं टोपी आता रक्ताचं वय सांगायला लागली. हे आजचं, हे चार दिवसांचं, हे बारा दिवसांचं. आणि नुसतं तेवढंच नाही. आई जे सांगेल ते टोपी ऐकायची. किती उंचीवरून पडलं, कुठल्या अंगावर, खाली फरशी होती की गोधडी. मग आईचं सांगणं आणि आतली जखम जुळतात का, याला शंभरातले गुण द्यायची. चाळीसच्या खाली आले की नाव आपोआप बालसुरक्षा समितीकडं जायचं आणि पोर आईपासून वेगळं ठेवायचं. पोराला मारणारे आईबाप असतात. ते मी डोळ्यांनी बघितलेत. त्यांच्यासाठीच ही सोय होती, आणि मला ती शंभर टक्के पटलेली होती.

टोपी हे सगळं गोड बाईच्या आवाजात सांगायची. ‘कथन जुळत नाही. कृपया बाळाला कर्मचाऱ्याच्या हाती द्यावे.’ कृपया म्हणे.

लोक काय करायला लागले ते ऐका. रिक्षातच सासवा सुनांना पढवायच्या. एक बाप खाटेची उंची टेपनं मोजून, हातावर पेनानं लिहून आला होता. तोवर पोर दोनदा ओकलं होतं, आणि हा दारात उभा राहून तळहात वाचत होता. काहीजण यायचेच बंद झाले. मला त्या लोकांची शिसारी यायची. मी म्हणायची, मनात पाप नसेल तर भ्यायचं कशाला.

साडेतीन वर्षांत चाळीसच्या खाली अकरा आया गेल्या. अकराही कागदांवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

पहिली रुबीना मुजावर. यंत्रमागावर कांड्या भरायला जायची. तिची मुलगी अलिशा चौदा महिन्यांची, दाट जावळाची, पायरीवरून घसरून पडली म्हणून घेऊन आली होती. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. टोपी म्हणाली, आजची जखम किरकोळ आहे, पण उजव्या कानामागं जुनं रक्त आहे, एक चार दिवसांचं, एक नऊ दिवसांचं. गुण सव्वीस. रुबीना आधी हसली. तिला वाटलं यंत्र बिघडलंय. मग ती माझा हात धरून म्हणत राहिली की सिस्टर, तुम्ही ओळखता मला, तुमच्याच हाताखाली बाळंत झाले मी, तुम्ही मला ओळखता. मी खरंच ओळखलं नाही. हजारो बाळंतिणी बघितल्या होत्या. आणि ओळखलं असतं तरी काय फरक पडला असता, मी तेच म्हटलं असतं.

“बाई, टोपी खोटं बोलत नाही,” मी म्हटलं, आणि पोर तिच्या काखेतून ओढून घेतलं.

अलिशा तेव्हा नुकतीच ‘अम्मी’ म्हणायला शिकलेली. जिना संपेपर्यंत माझ्या खांद्यावरून तेच ओरडत होती. मी तिची पाठ थोपटली आणि मनात तिच्या आईला शिव्या घातल्या. कसल्या बायका असतात, म्हटलं.

माझी सून प्रांजल. शाळेत गणित शिकवते, तेव्हा पोरीसाठी रजेवर होती. हुशार, सरळ बोलणारी, मला आवडायची. फक्त तिला माझ्या पद्धती पटायच्या नाहीत. धुरी नको, टाळूवर तेल नको, पोरीच्या गालावर तीट लावून तिचं सोंग करू नका, असं तिनं बारशालाच सांगून ठेवलं होतं. मी वाद घालत नव्हते. जे करायचं ते तिच्या नकळत करत होते. सकाळी नातीला आंघोळ घालायचं काम माझं, तेवढ्या वेळात सगळं उरकायची. नातीचं नाव स्वरांगी, घरात ठकी.

जानेवारीत एका मंगळवारी, अकराच्या सुमाराला, प्रांजल ठकीला घेऊन अपघात विभागात आली. मी ड्यूटीवरच होते. नऊ महिन्यांची पोर दिवाणावरून खाली पडली होती. लंगोट घ्यायला प्रांजल पाठमोरी झाली तेवढ्यात. डोक्याच्या डाव्या बाजूला टेंगूळ, पण पोर चांगली होती. मला बघून तिनं हात पसरले. पूर्वीचे दिवस असते तर मी म्हटलं असतं, बस चार तास, चहा पी.

विभागप्रमुख डॉक्टर तेरदाळे स्वतः आले, घरचीच केस म्हणून. टोपी मीच घातली. प्रांजलनं नीट सांगितलं, दीड फूट उंची, खाली सतरंजी, डावं अंग. दीड मिनिट झालं. डाव्या बाजूला किरकोळ सूज, आत काही नाही. आणि उजव्या कानामागं जुनं रक्त. पाच दिवसांचं आणि अकरा दिवसांचं. गुण एकतीस.

‘कथन जुळत नाही. कृपया बाळाला कर्मचाऱ्याच्या हाती द्यावे.’

कर्मचारी म्हणजे मी. तेरदाळे सर खिडकीबाहेर बघायला लागले. प्रांजल माझ्याकडं बघत होती.

“आई, सांगा ना त्यांना,” ती म्हणाली.

मी काय केलं सांगू? मी तिच्या हातांकडं बघितलं. अंगठीचा खडा केवढा आहे, नखं केवढी आहेत, ते बघितलं. मी घरात नसताना सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत ही पोरीबरोबर एकटी असते, हे मनात आलं. गेल्या शुक्रवारी मी परतले तेव्हा ठकी हुंदके देत झोपली होती, ते आठवलं. दात येताना पोरं तशी झोपतात, हे माहीत असूनही आठवलं. एकदा शोधायला लागलं की हवं ते सापडतं. अर्ध्या मिनिटात माझ्या डोक्यात एक पूर्ण कैदाशीण उभी राहिली, तिला प्रांजलचा चेहरा होता. मी पोर घेतली. प्रांजलनं दिली, ओढाओढ केली नाही. ते मला आणखीच संशयास्पद वाटलं.

हर्षल, माझा मुलगा, कारखान्यातून धावत आला. त्यानं बायकोला बाहेरच्या बाकावर गाठलं आणि पहिला प्रश्न विचारला, की तू काही केलंस का, खरं सांग, मी रागावणार नाही. मी काचेतून बघत होते. ती पर्स उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तीन दिवस पोर वॉर्डात, मग समिती ठरवणार की घरी, शिशुगृहात, की आणखी कुठं. समितीसमोर गेलेल्या अकरापैकी सात पोरं शिशुगृहात गेली होती. हा आकडा मला तोंडपाठ होता आणि तो प्रांजलला माहीत नव्हता, हे एक बरं.

नातेवाईकांना त्या वॉर्डात सोडत नाहीत. मी नातेवाईक असूनही कर्मचारी, म्हणून मला मुभा मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठकीला वॉर्डातल्या बेसिनपाशी आंघोळ घातली. डोक्यावरून पाणी घालू नका, टेंगूळ आहे, असं परिचारिका म्हणाली म्हणून नुसतं अंग पुसलं. पावडर लावली, झबलं चढवलं. आणि सवयीनं माझा हात एप्रनच्या खिशात गेला. डबी काढली, करंगळी फिरवली, डाव्या हातानं ठकीचा उजवा कान पुढं वळवला, जावळ वर सारलं.

करंगळी तिथंच थांबली.

कानामागं, केसांच्या मुळाशी, काळा ठिपका होता. कालचा. त्याखाली परवाचा, थोडा फिकट, थोडा सरकलेला. त्याखाली आणखी जुने. सहा महिने रोज सकाळी मी लावलेली तीट. गालावर नको ना, मग कानामागं. जावळात कुणाला दिसतेय. एरंडेलाच्या दिव्यावर पितळी ताट धरून, तूप घालून घरी खललेलं काजळ, ते साध्या पाण्यानं जातंय होय. आणि टोपीचे खालचे दिवे बरोबर तिथं टेकतात.

मी वर्षानुवर्षं त्या टोपीचं गुणगान केलं होतं, ती कशी चालते हे शिकाऊ पोरींना मीच समजावून सांगायची. रक्त उजेड पितं. आणि काजळी? काजळ म्हणजे दिव्याची काजळी, निव्वळ कार्बन. उजेड पिण्यात ते रक्ताला हरवेल. ताजं रक्त काही रंगांचा उजेड जास्त पितं, काहींचा कमी. जुनं होत गेलं की तो फरक पुसट होतो. काजळी तर सगळेच रंग सरसकट पिते. टोपीला रक्त आणि रिकामी जागा एवढ्या दोनच गोष्टी माहीत. ती काजळाला जुनं रक्त समजली. जाड थर म्हणजे एक वय, पातळ थर म्हणजे दुसरं. ज्या अकरा हजार बाळांवर तिला शिकवलं, ती सगळी परदेशातली. त्यातल्या एकाच्याही आजीनं त्याला तीट लावलेली नव्हती.

आणि आम्ही? पूर्वी डॉक्टर प्रत्येक पोराचा कान वळवून मागं बघायचे. कवटीच्या तळाला चीर गेली असेल तर तिथं निळं पडतं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही शिकवतात. टोपी आली आणि कान वळवायचे बंद झाले. कापसाच्या एका बोळ्याचं काम होतं.

मी कापूस खोबरेलात भिजवला आणि घासून घासून पुसलं. सात बोळे काळे झाले. टोपी आणून घातली. कालचंच कथन पुन्हा सांगितलं. गुण त्र्याण्णव, जुनं रक्त नाही. मग करंगळीनं पुन्हा ठिपका लावला. गुण छत्तीस, सहा दिवसांचं रक्त. पुसलं, त्र्याण्णव. लावलं, चौतीस. ठकीला खेळ वाटला, ती हसायला लागली. तिसऱ्यांदा तो गोड आवाज ‘कृपया’ म्हणाला तेव्हा मी पोरीला खाटेवर ठेवलं, कठडा वर केला, आणि बेसिनमध्ये भडाभडा ओकले. काजळाचा वास नाकातून जाईना. माझ्याच हाताचा वास तो.

तेरदाळे सर हुशार माणूस आहे, त्यांना एकदाच दाखवावं लागलं. त्यांनी खुर्चीत बसून डोळे चोळले. मग म्हणाले, “चांगलं झालं, सिस्टर. तुमच्या नातीचं मिटलं.” पुन्हा तपासणी केली म्हणून नवा निकाल टाकू, जुना आपोआप खाली जाईल, समितीकडं कोणी जायला नको.

मी विचारलं, बाकीच्यांचं काय.

बाकीच्यांना तीट होतीच हे कशावरून, ते म्हणाले. आता कुणाचे कान बघणार आपण. त्यातल्या काही खरोखर मारणाऱ्या असतीलही. त्यांनी माझ्यासमोर टोपीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस अजिबात दचकला नाही. स्थानिक स्वरूपाची अस्वच्छता, असा शब्द त्यानं वापरला, आणि वापरपुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत एक ओळ घालू म्हणाला. बाळाचे केस स्वच्छ असल्याची खात्री करावी. माझ्या आईनं मला लावली, तिच्या आईनं तिला लावली, ती माया ह्याच्या लेखी अस्वच्छता. आणि चार वर्षांनी घालणार काय, तर एक ओळ. सगळ्यात किळसवाणं काय होतं माहीत आहे? ते ऐकून तेरदाळे सरांना हायसं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं. ठकी सुटली होती. अकरा कागदांवर सरांच्या सहीखाली माझी सही होती.

“सर, मी लिहून देणार,” मी म्हटलं.

त्यांनी समजावलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, विभागाचं नाव जाईल, लोक टोपी घालू देणार नाहीत आणि ज्या पोराच्या डोक्यात खरंच रक्त असेल ते मरेल. यातलं शेवटचं खरं आहे आणि ते अजून मला टोचतं. पण बोलताना ते टेबलावरचे माझे काळे बोळे कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्याकडं सरकवत होते. मी ते उचलले आणि पर्समध्ये टाकले.

ठकीला दुपारी प्रांजलच्या हातात दिलं. घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं, डबी तिच्यापुढं ठेवली, तिच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. ती बॅग भरत होती. हर्षल दारात उभा होता, तोंड खाली घालून.

“तीट लावलीत त्याचं मला काही नाही, आई,” ती म्हणाली. “तुम्ही माझ्या हातांकडं बघितलंत.”

ती पोरीला घेऊन सांगलीला माहेरी गेली. हर्षल रविवारी जातो, दाराशी बसतो, पोरीला भेटून येतो. प्रांजल त्याला चहा देते आणि आत जाते. मला न्यायचं नाव तो काढत नाही आणि मी काढायला लावत नाही.

मी समितीला सात पानी अर्ज दिला. अकरा नावं, तारखा, काळे बोळे, आणि ठकीचे लावले-पुसलेचे आठ निकाल. उत्तर एका ओळीचं आलं, अर्ज प्राप्त झाला. हॉस्पिटलनं मला सक्तीच्या रजेवर बसवलं. टोपी चालूच आहे. आता वॉर्डात पोराचं डोकं पुसायला ओले कागदी रुमाल ठेवलेत म्हणे. कशासाठी ते कोणाला सांगितलेलं नाही.

मग मी ठरवलं की समिती जेव्हा सांगेल तेव्हा सांगेल, अकरा घरी मी स्वतः जायचं. सुरुवात पहिल्या नावापासून.

रुबीना मुजावर अजून त्याच गल्लीत राहते. दोन खोल्या, भिंतीपलीकडं यंत्रमाग, त्यामुळं मोठ्यानं बोलावं लागतं. तिनं मला लगेच ओळखलं. आत घेतलं, चटई टाकली, पंखा लावला. मला वाटलं होतं अंगावर येईल, थुंकेल. तशी तयारी करून गेले होते. तिनं पाणी विचारलं.

मी सांगत गेले. उजेड, रक्त, काजळी, सगळं सोपं करून. मधेमधे मागांचा आवाज वाढायचा तेव्हा थांबायची. ती मान हलवत ऐकत होती. मुलगी कुठं आहे विचारलं तर म्हणाली, आली परत शिशुगृहातून, दहा महिने झाले, अडीच वर्षं लागली. मी म्हटलं, रुबीना, तुझ्या मुलीच्या कानामागं तीट होती का, आठवतं का तुला?

“होती की,” ती म्हणाली. “रोज लावायची मी.”

मी म्हटलं, हे तेव्हाच कुणी विचारलं असतं तर.

“काजळ मी डोळ्यातच घालणार होते, आमच्यात डोळ्यातच घालतात,” ती म्हणाली. “तुम्हीच सांगितलेलं, सिस्टर. घरी जाताना. डोळ्यात घालू नका, डोळे येतील पोरीचे. फारच हौस असली तर कानामागं लावा, कुणाला दिसत नाही आणि डॉक्टर पण ओरडत नाही. म्हणून तिथं लावायची. तुमचं ऐकायची मी.”

मला आठवलं. रुबीना आठवली नाही, ते वाक्य आठवलं. सव्वीस वर्षं प्रत्येक बाळंतिणीला, हसत हसत, गुपित सांगावं तसं सांगायची मी ते. नुसतं नको म्हटलं की सासवा ऐकायच्या नाहीत, म्हणून मीच काढलेली ती पळवाट होती, आणि विभागातल्या बाकीच्या सिस्टरांनाही मीच शिकवली होती. गावातली निम्मी पोरं आमच्या विभागात जन्मलेली. मी टोपीकडं कानामागं काळं केलेली पोरं पाठवत होते, आणि टोपीपाशी उभी राहून तीच पोरं आयांकडून काढून घेत होते.  

रुबीना रागावलेली नव्हती, हे फार वाईट होतं. ती नुसती सांगत होती, तुमचं ऐकलं म्हणून.

तेवढ्यात आतल्या दाराच्या पडद्यामागून मुलगी बाहेर आली. साडेचार वर्षांची, दोन वेण्या, फ्रॉकची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. हात मागं बांधून, रांगेत उभं राहावं तशी सरळ उभी राहिली.

“मॅडम, भूक लागलीय,” ती म्हणाली.

मला वाटलं शेजारची कुणी बाई, शाळेची, अंगणवाडीची, माझ्या पाठीमागं दारात आलीय. मी वळून बघितलं. दारात कोणी नव्हतं. रुबीना गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिला जेवायला वाढायला आत गेली.